प्रश्नाची भाषा आणि लोकांचा कौल : क्वेबेकची दोन सार्वमते

३० ऑक्टोबर १९९५ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या मतदारांनी आपल्या प्रांताच्या भवितव्याविषयी कौल दिला. साडेत्र्याण्णव टक्के मतदान झाले. ५०.५८ टक्के मते 'नाही'च्या बाजूने पडली आणि ४९.४२ टक्के 'होय'च्या. दोहोंमधील अंतर ५४,२८८ मतांचे होते, तर बाद ठरलेल्या मतपत्रिका सुमारे ८६ हजार होत्या. एका देशाचे अखंडत्व ज्या फरकावर टिकले, त्याहून अधिक मते मोजणीच्या बाहेर राहिली.

या घटनेची चर्चा बहुधा या आकड्यांभोवतीच फिरते. उत्तरांची मोजदाद दशांशापर्यंत झाली. परंतु ज्या प्रश्नाची ती उत्तरे होती, तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला होता, याकडे तितके लक्ष जात नाही. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र ही मतपत्रिका एक संहिता म्हणून वाचता येईल. जनमत ही आधीपासून सिद्ध असलेली वस्तू असून सार्वमत तिचे केवळ मोजमाप करते, हा आपला समज अशा वाचनातून तपासून घ्यावा लागतो.

क्वेबेकमधील असंतोषाचे मूळ भाषेत आहे. १७५९ साली इंग्रजांनी क्वेबेक शहर जिंकले आणि १७६३च्या पॅरिसच्या तहाने फ्रान्सची ही वसाहत ब्रिटिश साम्राज्यात गेली. १८३७-३८च्या उठावांनंतर चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९च्या आपल्या अहवालात या फ्रेंच भाषकांना इतिहास नाही आणि साहित्यही नाही, असा निर्वाळा दिला. इंग्रजी समाजात विरून जाण्यातच त्यांचे हित आहे, असे त्याचे मत होते. फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो याने १८४५पासून प्रसिद्ध केलेला कॅनडाचा इतिहास हे त्या निर्वाळ्याला दिलेले उत्तर मानले जाते. ज्या समाजाला 'तुम्हांला साहित्य नाही' असे सांगितले गेले, त्या समाजात लेखन ही पुढे राजकीय कृती ठरावी, हे ओघानेच आले.

१९६०नंतरच्या 'शांत क्रांती'त शिक्षण आणि आरोग्य चर्चच्या हातून शासनाकडे आले, वीजकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 'आपल्या घरी आपणच धनी' ही घोषणा निवडणुकीत गाजली. १९६८ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी रने लेव्हेक यांच्या नेतृत्वाखाली पार्ती केबेक्वा हा पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी मिशेल त्रांब्ले यांचे 'ले बेल-सर' हे नाटक रंगभूमीवर आले. माँट्रियलच्या कामगार वस्तीतील 'जुआल' ही बोली त्यात प्रथमच इतक्या निःसंकोचपणे बोलली गेली आणि तिच्यावरून मोठा वाद झाला. मिशेल लालोंद यांनी 'स्पीक व्हाइट' ही कविताही त्याच वर्षी लिहिली. फ्रेंच बोलणाऱ्यांना 'गोऱ्यांची भाषा बोला' असे हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्दप्रयोगच तिचे शीर्षक झाला. १९७६मध्ये लेव्हेक यांचा पक्ष सत्तेवर आला आणि १९७७च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने शासन, शिक्षण, व्यापार आणि कामाची ठिकाणे यांत फ्रेंचला प्रमुख स्थान मिळाले.

सत्तेवर आलेल्या पक्षापुढे आता लोकांना नेमके काय विचारायचे, हा प्रश्न होता. २० मे १९८०च्या पहिल्या सार्वमतातील प्रश्न शंभराहून अधिक शब्दांचा होता. त्यात 'राष्ट्रांच्या समानते'चा उल्लेख होता. कायदे करणे, कर बसवणे आणि परदेशांशी संबंध ठेवणे हे अधिकार होते. कॅनडाशी आर्थिक सहयोग आणि समान चलन यांचे आश्वासन होते; कोणताही बदल दुसऱ्या सार्वमताशिवाय अमलात येणार नाही, ही ग्वाहीही होती. एवढे सारे झाल्यावर वाक्याच्या शेवटी मतदाराकडे जे मागितले होते, ते केवळ वाटाघाटी करण्याचा अधिकार होता. भिणाऱ्या माणसाला हात धरून एकेक पायरी उतरवावे, तशी या वाक्याची रचना आहे. तरीही ५९.५६ टक्के मतदारांनी नकार दिला.

तो नकारही एकपदरी नव्हता. मतदानापूर्वी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी 'नाही' या मताचा अर्थ राज्यघटनेच्या नूतनीकरणाला संमती असा घेतला जाईल, असे जाहीर केले होते. म्हणजे 'होय' म्हणणारा बदल मागत होता आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही बदलाचेच आश्वासन मिळाले होते. १९८२ साली नवी घटनात्मक व्यवस्था आली, ती मात्र क्वेबेक सरकारच्या संमतीवाचून. क्वेबेकचे वेगळेपण घटनेत मान्य करू पाहणारा मीच लेकचा करार जून १९९०मध्ये बारगळला. त्यानंतर जनमत चाचण्यांत सार्वभौमत्वाचा पाठिंबा साठ टक्क्यांच्या वर गेला. दहा वर्षांपूर्वी 'नाही' म्हणणाऱ्या अनेकांनी आता बाजू बदलली होती. ज्या अर्थाने त्यांनी नकार दिला होता, तो अर्थ पाळला गेला नाही, अशी त्यांची भावना होती.

या पार्श्वभूमीवर १९९५चा प्रश्न तयार झाला. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव ठेवल्यानंतर क्वेबेकने सार्वभौम व्हावे, हे आपणांस मान्य आहे काय, असा त्याचा गाभा होता. जोडीला क्वेबेकच्या भवितव्याविषयीचे विधेयक आणि १२ जून १९९५चा करार यांचे संदर्भ होते. १९८०च्या मानाने वाक्य आटोपशीर झाले. पण त्याचा अर्थ आता मतपत्रिकेबाहेरच्या दोन दस्तऐवजांवर अवलंबून राहिला. 'देश' हा शब्द त्यात नाही. 'विभक्त होणे' नाही, 'स्वातंत्र्य'ही नाही. भागीदारीचा प्रस्ताव कॅनडाने फेटाळला तर काय, याचे उत्तर विधेयकात होते, प्रश्नात नव्हते.

ही शब्दनिवड निव्वळ शैलीची बाब नव्हती. जनमत चाचण्या घेणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळत असे. 'विभक्त होणे' या शब्दाला सर्वांत कमी पाठिंबा मिळे, 'सार्वभौमत्व' या शब्दाला त्याहून अधिक आणि 'सहयोगासह सार्वभौमत्व' म्हटले की सर्वांत अधिक. म्हणूनच विरोधक आवर्जून पहिला शब्द वापरीत आणि समर्थक शेवटचा. सार्वभौम झाल्यावरही क्वेबेक कॅनडाचाच प्रांत राहील, असे मानणारे लोकही 'होय'च्या बाजूला होते. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. परंतु घर न सोडता घरातले आपले स्थान बदलावे, ही त्यांची इच्छा खरी होती. 'होय' आणि 'नाही' या दोन चौकटींत तिला जागा नव्हती, म्हणून ती त्यांतल्या त्यात जवळच्या चौकटीत जाऊन बसली.

मतदानाला तीन आठवडे उरले असताना प्रचाराची सूत्रे ल्युसिएं बुशार यांच्याकडे आली आणि मागे असलेली 'होय'ची बाजू चाचण्यांत पुढे सरकली. मतपत्रिकेवरील एक अक्षरही बदलले नव्हते. बुशार हे भावी वाटाघाटींचे मुख्य प्रतिनिधी असतील, असे जाहीर होताच त्याच वाक्यातील 'भागीदारी' हा शब्द अधिक विश्वासार्ह वाटू लागला. प्रश्न कोणाच्या आवाजात ऐकू येतो, यावरही त्याचा अर्थ ठरतो.

निकालाच्या रात्री प्रांताचे पंतप्रधान झाक पारिझो यांनी पराभवाचे खापर 'पैसा आणि वांशिक मते' यांवर फोडले. 'आपल्यापैकी' पाचातील तिघांनी होकार दिला, असेही ते म्हणाले. फ्रेंच भाषकांपुरता हा हिशेब साधारण बरोबर होता. पण त्यांनी वापरलेले 'नू' हे फ्रेंच सर्वनाम येथे बारकाईने पाहण्याजोगे आहे. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो आणि 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. फ्रेंचला हा भेद सर्वनामातच दाखवता येत नाही. प्रचारात 'नू' म्हणजे क्वेबेकचे सर्व नागरिक, असे सांगितले जात होते. पराभवाच्या क्षणी तोच शब्द 'आम्ही फ्रेंच भाषक' या अर्थी आकसला. इटालियन, ग्रीक, ज्यू, हैतीयन अशा कित्येक क्वेबेकवासीयांना त्या रात्री आपण कोणत्या सर्वनामात मोडतो, ते कळले. दुसऱ्याच दिवशी पारिझो यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

'लोक' कोण, हा प्रश्न आणखी एका दिशेने आला होता. प्रांताच्या उत्तरेतील जेम्स बे भागातील क्री या आदिवासींनी २४ ऑक्टोबरला स्वतःचे सार्वमत घेतले. क्वेबेक सरकारने आमचा समाज आणि आमची भूमी कॅनडापासून विभक्त करावी, यास एक जनसमूह म्हणून आपली संमती आहे काय, असा त्यांचा रोख होता. ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला. प्रांताच्या प्रश्नाने टाळलेले 'विभक्त' हे क्रियापद येथे उघडपणे आले. क्वेबेकच्या लोकांना स्वनिर्णयाचा हक्क असेल तर त्यांच्यातील लोकांना तो का नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सार्वभौमत्ववाद्यांना देता आले नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी दिलेल्या मतात म्हटले की, प्रांताला एकतर्फी विभक्त होण्याचा हक्क नाही. मात्र स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाल्यास वाटाघाटी करणे इतरांवर बंधनकारक ठरेल. २०००च्या स्पष्टताविषयक कायद्याने प्रश्न पुरेसा स्पष्ट आहे का, हे ठरवण्याचा अधिकार केंद्रीय संसदेकडे दिला. क्वेबेकच्या विधानसभेने त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून पन्नास टक्क्यांवर एक मत पुरेसे आहे, असे ठासून सांगितले. वाद पुन्हा भाषेच्याच ताब्याचा होता. प्रश्न कोणी लिहावा आणि त्याच्या अर्थाचा अधिकृत वाचक कोण, एवढेच त्याचे स्वरूप बदलले.

पुढे स्कॉटलंडने २०१४च्या सार्वमतासाठी प्रश्न ठरवताना या बाबतीत अधिक दक्षता घेतली. 'आपणांस मान्य आहे काय' हे प्रास्ताविक होकाराकडे झुकवते, असा निवडणूक आयोगाचा निष्कर्ष निघाला आणि ते गाळून 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय' एवढाच प्रश्न राहिला. तेथे ५५.३ टक्क्यांनी नकार दिला. क्वेबेकच्या दोन्ही प्रश्नांतील आडवळणे या सहा इंग्रजी शब्दांत नाहीत.

तथापि क्वेबेकचे प्रश्न केवळ लबाडीने क्लिष्ट केले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या लांबलचक वाक्यांत डावपेच होतेच; शिवाय दोन ओढींमध्ये सापडलेल्या समाजाची मनःस्थितीही होती. आपली भाषा उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी सागरात बुडू नये आणि ज्या देशाच्या घडणीत आपल्या पूर्वजांचा हात आहे तो हातचाही जाऊ नये, अशी ती मनःस्थिती होती. १९९५नंतरच्या पंचवीस वर्षांत तिसरे सार्वमत झाले नाही. १०१ क्रमांकाच्या कायद्याने फ्रेंच भाषेविषयीची भीती काही अंशी कमी केली आणि त्यामुळे विभक्त होण्याची निकडही ओसरली, असे प्रतिपादन केले जाते, ते या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. दोन सार्वमतांचे आकडे आपल्याला लोकांनी काय उत्तर दिले ते सांगतात. त्यांना काय म्हणायचे होते, ते पाहण्यासाठी त्या प्रश्नांच्या वाक्यरचनेकडे आणि त्या काळच्या नाटक-कवितांकडे एकत्रच जावे लागते.