/यूएसआरचं बिऱ्हाड

आरशातल्या, म्हणजे एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, दोन डिस्कांवर लिनक्स सर्व्हर बसवायचा, म्हणून कागदावर पार्टिशनांचे चौकोन पाडत होतो: /बूट, स्वॅप, रूट, /वार, /होम. सवयीने /यूएसआरलाही वीस जीबी दिले. शेजारच्या पोराने विचारलं, “सर, हे वेगळं कशाला?” मी नुसताच खोकलो.

उत्तर निघालं १९७१ सालचं. युनिक्स ज्यावर घडत होतं त्या बेल लॅब्जमधल्या पीडीपी-११ला अर्ध्या एमबीची एक चपळ डिस्क होती, तिच्यावर रूट. दुसरी आरके डिस्क जेमतेम अडीच एमबीची. मशीन उठलं की ती /यूएसआर म्हणून जोडली जायची. तिथे चक्क माणसं राहायची. युनिक्सकर्ते केन टॉम्प्सन यांचं घर /यूएसआर/केन. म्हणजे हा शब्द ‘यूझर’च, टंकायचे कष्ट वाचवायला ‘ई’ गाळलेला. ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा विग्रह पढवणारे आजही भेटतात. तो निव्वळ बादरायण संबंध! रिसोर्सेसच ठेवायचे होते तर केनसाहेब तिथे काय भाड्याने राहत होते?

पुढे रूटची डिस्क भरली, तसे प्रोग्रामही त्या दुसऱ्या डिस्कवर, /यूएसआर/बिनमध्ये, पसरले. कालांतराने माणसं /होमला गेली, सामान मागे राहिलं. ही फाळणी मुळातच दूरदृष्टीची, असं मानणारा एक पक्ष आहे: /यूएसआर नेटवर्कवरून वाटता येतं, फक्त वाचण्यापुरतं ठेवता येतं. सनची डिस्कविना वर्कस्टेशनं तसं करायचीही. पण भिंत आधी उभी राहिली, तिचे फायदे नंतर सुचले, असं माझं ठाम मत.

आरशात तर ती भिंत आणखीच विनोदी दिसते. अनेक डिस्का एकत्र जुंपणाऱ्या रेडचा शोधनिबंध १९८८चा, बर्कलीचा. त्यातली पहिली पातळी म्हणजे हा आरसा. केनच्या दोन डिस्का मिळून जागा वाढायची. इथे दुसरी डिस्क पहिलीची नक्कल, जागा एकीचीच. मग त्यात भिंत घातली की एकीकडे उपास आणि दुसरीकडे कोठार. शेवटी फेडोरा १७ या लिनक्सने २०१२ साली /बिनलाच /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी लिंक करून टाकलं. भाडेकरू मालक झाला!

मी /यूएसआरचा चौकोन खोडला. स्वॅप आरशातच ठेवला, नाहीतर एक डिस्क मेली की तिच्यावर स्वॅप झालेले प्रोग्रामही कोसळतात. /बूट मात्र वेगळं राहिलं. त्याच्या आरशाला स्वतःची नोंद ठेवायला मेटाडेटा १.० दिला, कारण तो पार्टिशनच्या शेपटीला बसतो. आरशाचा गंध नसलेल्या बूटलोडरला पुढून ते साधंच पार्टिशन दिसतं, आणि तो बिनबोभाट कर्नल उचलतो.