खोट्या संकटाची शाळा

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांशी झालेले टपालवाहतुकीचे करार रद्द केले आणि ते काम सैन्याच्या हवाई दलाकडे सोपविले. हिवाळा कडाक्याचा होता. सैन्यातील तरुण वैमानिक शूर होते. परंतु ढगांतून व काळोखातून केवळ उपकरणांच्या काट्यांकडे पाहून विमान हाकण्याचा सराव त्यांपैकी फार थोड्यांना होता. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. पत्रांच्या थैल्यांपायी इतके तरुण गमवावे लागावेत, याचा त्या देशात मोठा क्षोभ झाला.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचा एक मोठा वैरी त्याच्या कानातच दडलेला असतो. मनुष्याच्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि देहाचा तोल राखण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. विमान एकाच गतीने वळत राहिले की थोड्याच वेळात हा द्रव नलिकांबरोबरच फिरू लागतो, आणि वळण चालू असताही आपण सरळ चाललो आहोत असे वैमानिकास वाटते. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारून घेतात. ढगात तो साक्षीदारच नाहीसा होतो. मग समोरचा काटा एक सांगतो, सर्वांग दुसरेच सांगते; आणि भ्यालेला मनुष्य काट्यापेक्षा आपल्या अंगावर विसंबतो.

ह्या घातक सवयीवरचा उपाय आधीच तयार होता, पण त्याला कोणी विचारीत नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा स्वयंचलित पियानो आणि नाट्यगृहांतील ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. लिंकने १९२० साली विमानोड्डाणाचा पहिला धडा घेतला, तेव्हा शिक्षकाने त्याला नियंत्रणदांड्यास हातही लावू दिला नाही, असे सांगतात. तो काळच असा होता की शिकणे महाग आणि चुकणे त्याहून महाग. लिंकने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप घेऊन जमिनीवरच हेलकावणारे, वळणारे आणि नाक वर-खाली करणारे एक ठेंगणे विमान उभे केले व १९२९ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. विमानविद्येच्या क्षेत्रात कोणी त्याकडे गांभीर्याने पाहिले नाही. यंत्रे खपली ती मुख्यतः करमणुकीच्या बागांत, पाळण्यांच्या शेजारी!

१९३४ च्या त्या दुर्घटनांनंतर सैन्याचे अधिकारी नेवार्क येथे लिंकची वाट पाहत होते. हवा इतकी धुकट होती की तो येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. लिंक मात्र काट्यांच्या भरवशावर धुक्यातून आला आणि उतरला. ह्याहून चांगले प्रात्यक्षिक कोणते? सैन्याने सुमारे ३,५०० डॉलरला एक याप्रमाणे सहा यंत्रे मागविली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत पाच लाखांहून अधिक वैमानिक आणि विमानसेवक त्या निळ्या पेटीत बसून शिकून गेले. वरचे झाकण मिटले की आत अंधार, कानांवर शिक्षकाचा आवाज, समोर काटे. बाहेर मेजावरील नकाशावर एक छोटे फिरते यंत्र शिष्याचा मार्ग शाईने रेखीत असे. झाकण उघडल्यावर आपण कोठे भरकटलो, हे त्याला डोळ्यांनी पाहावयास मिळे.

खोट्या संकटाचा खरा कस १९६९ साली लागला. चंद्रावर उतरण्याच्या सरावाची याने लिंकचेच नाव चालविणाऱ्या कारखान्याने बांधली होती. जुलैच्या आरंभी ह्यूस्टन येथील अशाच एका सरावात शिक्षकांनी संगणकाचा एक अनोळखी इशारा मुद्दाम उठविला. २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने अवतरण रद्द करावयास लावले. निर्णय चुकला होता. मोहीम चालू ठेवता आली असती. बेल्सच्या मंडळींनी मग अशा सर्व इशाऱ्यांची यादी लिहून काढली. २० जुलै रोजी खरे यान चंद्राकडे उतरत असता त्याच जातीचा इशारा आला, तेव्हा पुढे जाण्याचा निर्णय काही सेकंदांत देता आला. नील आर्मस्ट्राँगच्या नाडीचे ठोके त्या अवतरणात मिनिटाला १५० च्या घरात गेले होते. भय गेलेले नव्हते. हात मात्र स्थिर होते.

लिंकच्या पेटीत वैमानिक स्वतःच्या अंगाचे न ऐकता काट्याचे ऐकावयास शिकत होता. पुढे काटा अंगालाच लावण्यात आला. नाडी, श्वास, त्वचेवरील घाम यांची मापे माणसाला तत्क्षणी दाखविली, तर सरावाने ती काही अंशी त्याच्या आटोक्यात येतात, हा बायोफीडबॅकचा मूळ विचार. नासाच्या शास्त्रज्ञ पॅट्रिशिया काउइंग्ज यांनी अंतराळात होणारी मळमळ आवरण्यासाठी ही शिकवण सिद्ध केली आणि १९८५ च्या स्पेसलॅब-३ मोहिमेत मोजक्या अंतराळवीरांवर ती पारखून पाहिली. १९९३ च्या एका अहवालानुसार अमेरिकन तटरक्षक दलातील वैमानिकांची आणीबाणीच्या उड्डाणातील कामगिरीही तिने सुधारली.

दरम्यान पेटीचे शिरस्त्राण झाले होते. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोळ्यांपुढे संगणकाचे चित्र धरणारे, मान वळवताच दृश्य वळविणारे उपकरण दाखविले. पण ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. १९९५ साली उंचीच्या भयाने ग्रासलेल्या विद्यार्थ्यांना आभासी पुलांवर आणि काचेच्या उद्वाहकांत उभे करून त्यांचे भय कमी केल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आता सैनिक आणि अग्निशामक यांच्या शिक्षणात हे शिरस्त्राण आणि नाडीचा काटा एकत्र आणण्याचे प्रयत्न चालले आहेत: शिष्याची नाडी शांत राहिली तर धूर अधिक दाटतो, फार धडधडली तर थोडा विरळ होतो.

येथेही तो जुना वैरी भेटतोच. शिरस्त्राणातील डोळ्यांना वाटते आपण धावत आहोत, अंतःकर्ण सांगते आपण जागीच उभे आहोत. अनेकांना त्यामुळे मळमळते व थंड घाम सुटतो. आणि त्वचेवरच्या काट्याला तो घाम भयाचा की ओकारीचा, हे सांगता येत नाही.