कर्णपटल फाटणे (इजेमुळे)

कर्णपटल फाटणे म्हणजे बाह्यकर्ण व मध्यकर्ण यांना विभागणाऱ्या पातळ पडद्यास छिद्र पडणे किंवा चीर जाणे. या पडद्याचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर व जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. बाहेरून त्वचा, मध्ये तंतुमय ऊती आणि आतून श्लेष्मल त्वचा असे त्याचे तीन थर असतात.

कानशिलात बसलेली चपराक हे इजेचे नेहमीचे कारण होय. तळहात कानावर सपाट बसला की कर्णनलिकेतील हवा दाबली जाऊन पडदा फाटतो. मारणारा बहुधा उजव्या हाताचा असल्याने डावा कान अधिक वेळा सापडतो. शाळेतील शारीरिक शिक्षेस शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. तथापि चापट ही किरकोळ शिक्षा, हा समज अद्याप पुरता गेलेला नाही. कानात घातलेली काडी वा केसांची पिन, जवळ फुटलेला फटाका आणि पाण्यात कानावर आपटणे ही अन्य कारणे आहेत.

एकदम कळ येणे, ऐकू कमी येणे, कानात गुणगुणणे व किंचित रक्त येणे ही लक्षणे आढळतात. तीव्र चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा बरेच बहिरेपण असल्यास मध्यकर्णातील अस्थिका वा अंतर्कर्ण दुखावल्याची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी लागते.

इजेमुळे पडलेली बहुतेक छिद्रे सहा आठवडे ते तीन महिन्यांत आपोआप भरतात. येथे भरण्याचा क्रम वेगळा आहे. सामान्य जखमेत खालून ऊती भरत येतात व त्वचा शेवटी मिटते; कर्णपटलात मात्र बाहेरचा त्वचेचा थर प्रथम छिद्र ओलांडतो, तंतुमय थर मागाहून येतो. तो अपुरा राहिल्यास भरलेला भाग पातळ व पारदर्शक दिसतो.

या काळात कान कोरडा ठेवणे हाच मुख्य उपचार. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, पोहू नये, नाक जोराने शिंकरू नये. कोमट तेल घालण्याची घरगुती रीत येथे घातक ठरते, कारण तेल सरळ मध्यकर्णात उतरते. जेंटामायसिनसारखी काही औषधी थेंबे अंतर्कर्णास अपाय करू शकतात, म्हणून ती वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नयेत.

तीन महिन्यांनंतरही छिद्र उरल्यास कानाच्या वरील स्नायूचे पातळ आवरण लावून पडदा दुरुस्त करतात (टिंपॅनोप्लास्टी). कारंजा लाड परिसरातील रुग्णांस याकरिता अकोला व अमरावती ही शहरे जवळची आहेत.

मारहाणीच्या प्रकरणी प्रारंभीच श्रवणचाचणी करून नोंद ठेवणे महत्त्वाचे असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे ही जबर दुखापत मानली जाते. हानी कायमची आहे की नाही, हे नंतरच्या चाचणीशी तुलना करूनच ठरते.