मन शरीराला हलवतं कसं? एलिझाबेथचा प्रश्न



काळजी लागली की घास घशाखाली उतरत नाही. भीती वाटली की हातपाय गार पडतात. हे आपण रोज अनुभवतो. पण काळजी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. मग ती घास अडवते कशी? प्रश्न साधा वाटतो, पण जग मुळात कशाचं बनलंय, या तत्त्वज्ञांच्या मोठ्या वादाला तो जाऊन भिडतो. हाच प्रश्न एका तरुण मुलीनं त्या काळातल्या नामवंत तत्त्वज्ञाला विचारला होता. त्याची गोष्ट आज सांगते.

रेने देकार्त हा फ्रान्सचा तत्त्वज्ञ. १६४१ मध्ये त्याचं एक पुस्तक निघालं. तो म्हणाला, डोळे-कान फसवतात, म्हणून ज्याच्याबद्दल शंका घेता येईल ते सगळं आधी बाजूला ठेवू. असं करत गेल्यावर उरतं काय? तर शंका घेणारं मन. त्यावर शंका घेता येत नाही. यातून पुढे त्यानं मांडलं की जगात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दगड, झाड, आपलं शरीर जागा व्यापतं. मन विचार करतं, पण जागा व्यापत नाही.

एलिझाबेथ १६१८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला जन्मली. तिचे वडील बोहेमियाचे राजे झाले, पण १६२० च्या लढाईत राज्य गेलं. कुटुंब परागंदा होऊन हॉलंडमधल्या हेग शहरात राहिलं. नावाला राजकन्या, पण घरात पैशाची ओढाताण. तरी ती लॅटिन, ग्रीक, गणित शिकली.

मे १६४३ मध्ये, २४ वर्षांच्या एलिझाबेथनं ४७ वर्षांच्या देकार्तला पत्र लिहिलं. तिचं म्हणणं असं होतं : वस्तू हलवायची तर तिला ढकलावं लागतं. ढकलायला स्पर्श हवा. मनाला अंगच नाही, तर ते स्पर्श करणार कसं आणि शरीर हलवणार कसं?

देकार्तनं वजनाचं उदाहरण दिलं. वजन दगडाला खाली नेतं, तिथेही काही ढकलत नाही, असं त्याचं सांगणं. एलिझाबेथला ते पटलं नाही. तिनं कळवलं की बिनअंगाची गोष्ट शरीर हलवते हे मानण्यापेक्षा, मनालाच अंग आहे हे मानणं मला सोपं जातं. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे विचाराला पुरेसा वेळ मिळत नाही, हेही तिनं त्याच पत्रात लिहिलं.

१६४५ मध्ये तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला लागला. देकार्तनं मनाच्या दुःखाकडे बोट दाखवलं. तिनं उलट बाजूही दाखवली. काही आजार तर माणसाची विचारशक्तीच हिरावून घेतात, असं तिनं लिहिलं. म्हणजे मन शरीराला ओढतं, तसं शरीरही मनाला ओढतं.

देकार्तनं १६४४ चं पुस्तक तिला अर्पण केलं. भावनांवरचं १६४९ चं पुस्तक या पत्रव्यवहारातूनच वाढलं. त्यात त्यानं मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीपाशी मन आणि शरीर जोडलं. पण ‘कसं?’ हा प्रश्न तसाच राहिला. पुढे स्पिनोझा म्हणाला, मन आणि शरीर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लायब्निझ म्हणाला, दोन घड्याळं आधीच जुळवून ठेवावीत तसे ते बरोबर चालतात. आजही हा वाद मिटलेला नाही.

१६५० मध्ये देकार्त वारला. आपली पत्रं छापायला एलिझाबेथनं नकार दिला. पुढे ती हेरफोर्डच्या ख्रिस्ती मठाची प्रमुख झाली आणि १६८० मध्ये गेली. देकार्तची उत्तरं लवकरच छापली गेली, पण तिची पत्रं १८७९ मध्ये छापून आली. दोनशेहून अधिक वर्षं लोकांनी उत्तरं वाचली, पण प्रश्न विचारणारीचे शब्द त्यांच्यासमोर नव्हते.

मैत्रिणींनो, आपल्या गटात एखादी म्हणते, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. असतील मनाचे, पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. तिचं पूर्ण ऐकून घ्या, तिला दवाखान्यात न्या. आणि तिथे न समजलेलं काही असेल, तर ‘म्हणजे कसं?’ असं विचारायला लाजू नका.