चांद्याची वाट आणि धावेची वेळ

चंद्रपुराहून मूलास येणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांचा आहे. चिचपल्ली, अजयपूर, केळझर ही गावे मागे टाकीत तो साग, मोह आणि तेंदू यांच्या रानातून मूलच्या धानाच्या बांध्यांपाशी येऊन पोचतो. ज्या शर्यतीस आज सर्व जगात मॅरेथॉन म्हणतात तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे. ही दोन अंतरे शेजारी मांडून पाहण्याचा विचार एखाद्या धावणाऱ्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही. मूलच्या काही तरुण मित्रांनी तो आमच्यापाशी बोलून दाखविला. वैशाखात बहावा फुललेला असतो, पानगळीमुळे रान दूरवर दिसते आणि विद्यार्थ्यांस सुट्या असतात. तेव्हा शर्यत वैशाखातच भरवावी, असा त्यांचा बेत होता. आम्ही उन्हाची गोष्ट काढताच त्यांच्यापैकी एकजण म्हणाला, "चांद्याच्या उन्हात जे जन्मले त्यांना उन्हाचे भय कसले?" उत्तर मोठे वीरश्रीचे होते. परंतु ते इतिहासास धरून आहे की नाही, हे पाहिल्यावाचून आम्हांस राहवेना. त्या विचाराचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मॅरेथॉनची कथा सर्वांस ठाऊक आहे. इराण्यांवर विजय मिळाल्याची वार्ता घेऊन एक ग्रीक दूत अथेन्सपर्यंत धावला आणि वार्ता सांगताच गतप्राण झाला, असे आपण शाळेत वाचतो. परंतु त्या युद्धाचा जुना इतिहासकार हिरोडोटस हा या धावेचे नावही काढीत नाही. त्याने सांगितलेली धाव निराळी आहे. युद्धापूर्वी फिडिपिडीस नावाचा दूत मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टास गेला व दुसऱ्या दिवशी तेथे पोचला, एवढेच तो लिहितो. अथेन्सच्या वेशीत मरणारा दूत हा पुढील काळातील लेखकांचा. म्हणजे दूताचे खरे काम निरोप पोचवून परत येणे हे होते. निरोपाबरोबर प्राण देण्याची शोभा त्यास मागाहून चढविली गेली. १८९६ साली अथेन्स येथे नवे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून ही शर्यत सुरू झाली, ती या दुसऱ्या कथेच्या आधारावर. स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक तरुण ती सुमारे तीन तासांत जिंकून सुखरूप घरी गेला. तथापि कथेतील मरण शर्यतीच्या कल्पनेस चिकटून राहिले ते राहिलेच.

त्याचा परिणाम ३० ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे दिसला. ऐन दुपारी, तिसऱ्या प्रहरच्या उन्हात, धुळीने भरलेल्या खेड्यांच्या वाटांवर ३२ जण धावले. पुढे-मागे मोटारी चालत असल्यामुळे धूळ धावणाऱ्यांच्या छातीत जात होती. वाटेवर पाणी मिळण्याची सोय नाममात्र होती आणि ती चुकून नव्हे. पाण्यावाचून माणूस किती तग धरतो हे चालकांस पाहावयाचे होते. ३२ पैकी १४ जणांनीच शेवट गाठला. पहिला आलेला थॉमस हिक्स हा वाटेत पाजलेल्या कुचल्याच्या अर्काच्या व ब्रँडीच्या जोरावर, इतरांच्या आधाराने कसाबसा पोचला. त्याचा विजय कागदोपत्री नोंदला गेला खरा, पण त्यास धावणे म्हणावे की वाचणे म्हणावे, हा प्रश्नच आहे.

आठ वर्षांनी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोम येथे असाच कडक उन्हाचा दिवस उगवला. थंड देशातील ते शहर. तेथे उन्हाची धास्ती कोणास असणार? पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा सुताराचा धंदा करणारा तरुण सुमारे तीस किलोमीटरांवर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मरण पावला. उन्हाने अंग भाजू नये म्हणून त्याने अंगास मेणाचा लेप दिला होता, असे सांगतात. ते खरे असेल तर ज्या वाटेने घाम बाहेर पडून शरीर निवते ती वाटच त्याने बुजविली. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने हैराण होऊन वाटेतच थांबला. एका बागेत यजमानांनी त्यास पेय दिले, तेथे तो विसावला आणि चालकांस न कळविता मायदेशी निघून गेला. १९६७ साली स्टॉकहोमकरांनी त्यास सन्मानाने बोलावून ती शर्यत पुरी करविली. वेळ नोंदविली गेली ती ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २० सेकंद! वाचक हसतील, परंतु लाझारो धावत राहिला आणि कानाकुरी थांबला, व थांबलेल्याच्या वाट्यास पुढची चोपन्न वर्षे आली, एवढे ध्यानात ठेवावे. या कानाकुरीची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडणार आहे.

आपल्याकडील पहिला ऑलिंपिक मॅरेथॉनपटू बेळगावचा फडेप्पा चौगुले. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावत. त्यांचा वेग पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी १९२०च्या अँटवर्प येथील सामन्यांस हिंदुस्थानचा संघ धाडण्याची खटपट केली, आणि चौगुले त्या संघातून गेले. त्या दिवशी अँटवर्पास हवा थंड व पावसाळी होती, आणि अंतरही नेहमीपेक्षा थोडे अधिक, म्हणजे पाव कमी ४३ किलोमीटर होते. अशा परक्या हवेत चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. उष्ण देशाच्या मनुष्यास आपले सामर्थ्य दाखविण्यास ऊन लागते असे नाही, ही गोष्ट त्यांच्या पायांनीच सिद्ध केली.

परंतु महाराष्ट्रात धावणे हे शर्यतीपूर्वी कित्येक शतके चाकरीचे काम होते. मराठी राज्यात जासूद व कासीद पत्रे घेऊन पळत. जासूद बहुधा जोडीने जात, म्हणजे एक पडला तरी निरोप पडू नये. पानिपतच्या अनर्थाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कळली ती सुमारे दहा दिवसांनी, एका सावकाराच्या कासिदाकडील पत्रावरून. १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर इंग्रजी डाकेचे हरकारे धावू लागले. खांद्यावर थैली, हातात घुंगरू लावलेली काठी अथवा भाला, आणि रात्रीची मजल असेल तर सोबत मशाल. घुंगरांचा आवाज गावकऱ्यांस हरकारा आल्याचे सांगे आणि रानातील जनावरांस दूर राहण्यास सांगे. या पद्धतीचे मर्म असे की, कोणीही एक हरकारा सर्व वाट धावत नसे. काही मैलांचा टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. थैली अखंड धावे, माणूस मात्र विसावे. आपल्या भाषेत टप्पा हा शब्द अजून चालतो तो या डाकेच्या आठवणीसह.

आता ही विसाव्याची योजना केवळ सोयीची नव्हती, तर चांद्यासारख्या मुलखात ती जीव राखणारी होती, हे समजण्यासाठी शरीराचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे. धावताना स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिचा सुमारे चौथा हिस्सा गतीच्या कामी येतो; उरलेली सारी उष्णता बनते. हवा थंड असेल तर ती हवेत निघून जाते. त्वचेचे उष्णतामान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की देवघेव उलटी होते आणि हवाच शरीरास उष्णता देऊ लागते. मग घाम वाळणे हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; परंतु कडक उन्हात तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो आणि पोट तितके पाणी त्या वेळात पचवू शकत नाही. नुसते पाणीच बेसुमार प्यावे तर रक्तातील मीठ पातळ होऊन दुसरे संकट ओढवते. उन्हाची सवय झालेल्या शरीरास घाम लवकर सुटतो व त्यातून मीठ कमी जाते. ही सवय दहा-पंधरा दिवसांत अंगी बाणते. आमच्या मित्राच्या बोलण्यात सत्य आहे ते एवढेच. सवयीने मर्यादा थोडी पुढे सरकते, पण ती नाहीशी होत नाही. शरीराच्या आतील उष्णता ४० अंशांपलीकडे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, की चांदेकर व स्टॉकहोमकर हा भेद संपतो. तेव्हा त्यास आधी थंड पाण्यात बुडवून अथवा पाणी ओतून निववावे आणि मग दवाखान्यात न्यावे, हे प्रत्येक शर्यतीच्या चालकास तोंडपाठ असले पाहिजे.

चांद्याच्या लोकांस हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक आहे. येथे मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत मोहफुले वेचणारी व तेंदूपाने तोडणारी माणसे पहाटेस रानात शिरतात, ऊन चढण्यापूर्वी परततात आणि उरलेला दिवस सावलीत पाने जुळवून पुडे बांधण्यात घालवितात. संध्याकाळी पुडे फळीवर जातात. कोणी त्यांस भित्रे म्हणणार नाही. उलट ते दोन संकटांच्या मधली अरुंद वाट चालत असतात. कारण येथे पहाट ही एकट्या माणसाची नाही, ती वाघाचीही आहे. ताडोबा-अंधारीचे रान मूल तालुक्यास लागून आहे. २०२५च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. दुपार सूर्याची, पहाट वाघाची. माणसाच्या वाट्यास येतात ते मधले दोन-तीन तास.

आता आमच्या मित्रांच्या शर्यतीचा हिशेब मांडू. वैशाखात मूलास सूर्य साडेपाचाच्या सुमारास उगवतो. रानातील रस्त्यावर नीट उजाडल्यावाचून कोणास सोडता येणार नाही, म्हणजे सहा वाजले. निष्णात धावणारा सव्वादोन-अडीच तासांत, साडेआठाच्या आत, पोचेल. परंतु सामान्य मनुष्यास ही शर्यत पुरी करण्यास साडेचार-पाच तास लागतात. त्यास वाटेतच अकरा वाजतील, आणि तोवर पारा चाळिशीच्या घरात गेलेला असेल. शर्यतीचे कौतुक वेगवानाच्या वाट्यास जाते, ऊन मात्र मागे राहिलेल्यास गाठते. जगाने हा धडा उशिरा का होईना गिरविला. २०१९ साली दोहा येथे स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ पैकी २८ जणींस ती सोडावी लागली. आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडील थंड सप्पोरो शहरी हलविण्याचा निर्णय झाला.

हा विचार केवळ हौशी शर्यतीपुरता असता तर आम्ही इतके पाल्हाळ लाविले नसते. पण या दोन जिल्ह्यांत धावणे पुन्हा एकदा चाकरीशी बांधले गेले आहे. वनरक्षकाच्या भरतीत मुलांस ५ किलोमीटर व मुलींस ३ किलोमीटर धावावे लागते. पोलीस भरतीतही धावेचे गुण असतात. त्यामुळे मूल, सावली, गडचिरोली या वाटांवर शेतकऱ्यांची व मजुरांची मुले नित्य धावताना दिसतात. घरच्यांची सारी आशा त्या काही मिनिटांवर टेकलेली असते, आणि म्हणूनच थांबावे असे शरीर सांगत असता ती थांबत नाहीत. २०२४ साली झारखंडात उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरांच्या धावेच्या वेळी दहाहून अधिक उमेदवार प्राणास मुकले. अशा मुलांपुढे "उन्हाचे भय कसले" या वाक्याचा गौरव करणे आम्हांस पाप वाटते.

मग मूलच्या वाटेवर शर्यत होऊच नये काय? अवश्य व्हावी, आणि तिचा नमुना त्याच कानाकुरीने घालून दिला आहे. स्टॉकहोमच्या उन्हात थांबलेल्या या मनुष्याने मायदेशी इतरांच्या साह्याने १९२० साली टोकियो ते हाकोने अशी शर्यत सुरू करविली. ती विद्यापीठांचे संघ टप्प्याटप्प्याने धावतात. एकाच्या खांद्यावरील पट्टा दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि या प्रकारास जपानात जे नाव आहे ते जुन्या डाकचौक्यांवरूनच पडले आहे. हल्ली ही शर्यत जानेवारीच्या आरंभी, भर हिवाळ्यात होते आणि सारे जपान ती पाहते. ज्यास उन्हाने एकट्यास गाठून पाडले त्याने आपल्या लोकांस एकटे धावावयास लाविले नाही, वाटून धावावयास लाविले.

आमच्या मित्रांस आम्ही हेच सुचविले. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, पौषात, मूलास सूर्य पावणेसातास उगवतो व दुपारही सौम्य असते. उजाडल्यावर चंद्रपुराहून निघावे. चिचपल्ली, अजयपूर, केळझर येथे टप्पे करावे. प्रत्येक टप्प्यावर पाणी व जाणते माणूस असावे. आणि खांद्यावर पट्ट्याऐवजी डाकेची थैली द्यावी. बहावा तेव्हा फुललेला नसेल, हे खरे. त्यावर ज्याने वीरश्रीचे उत्तर दिले होते तो काही वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, "थैलीत काय घालावयाचे?" आम्ही म्हटले, मूलच्या लोकांस चंद्रपूरकरांनी लिहिलेली पत्रे घालावी. थैली पोचली पाहिजे, आणि ती आणणारा दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन परत जाण्याइतका धडधाकट असला पाहिजे.