दक्षिण ध्रुवाकडे चाकांवरून

खोल हिमातून जड वाहन नेण्याचा इतिहास शंभराहून थोड्या अधिक वर्षांचा असून त्यातील सुरुवातीचे बहुतेक प्रयत्न फसलेले आहेत. ती फसगत नीट तपासली, म्हणजे गोव्यातील एका संस्थेच्या संचालकांच्या नेतृत्वाखालील भारतीय चमू 2010 मध्ये चाकांच्या गाड्यांतून दक्षिण ध्रुवापर्यंत कसा पोहोचू शकला, याचा उलगडा होतो.

आकाशातून पडून साचलेले भुसभुशीत हिम आणि दाबाखाली घट्ट झालेला बर्फ यांत येथे फरक करावा लागतो, कारण बर्फ वजन पेलतो, तर हिमात हवा भरलेली असल्याने ते वजनाखाली दबत जाते. वाहन रुतणे किंवा न रुतणे हे मुख्यतः भूदाबावर, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. सोलापूरकरांना हिमाचा अनुभव नसला, तरी हा नियम जिल्ह्यातील काळ्या जमिनीने पावसाळ्यात पुरेपूर शिकवलेला आहे: अरुंद लोखंडी धाव बसवलेले लाकडी चाक ओल्या रानात तुंब्यापर्यंत उतरते आणि रुंद रबरी टायरची गाडी त्याच वाटेने, तेवढेच ओझे घेऊन, निघून जाते.

अंटार्क्टिकावर पहिली मोटार नेली ती अर्नेस्ट शॅकल्टन यांनी. 1907 ते 1909 या काळातील त्यांच्या मोहिमेतील अ‍ॅरोल-जॉन्स्टन मोटार गोठलेल्या समुद्राच्या टणक बर्फावर बऱ्यापैकी चालली, परंतु हिम लागताच तिची चाके जागच्या जागी फिरत राहिली. रॉबर्ट स्कॉट यांनी चाके टाळून पट्ट्यांवर, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या सलग साखळीवर, चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांपैकी एक जानेवारी 1911 मध्ये जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली आणि उरलेल्या दोन्हींची इंजिने ध्रुवाकडील वाटेवर लवकरच निकामी झाली. पट्ट्याची कल्पना बरोबर होती, इंजिन मात्र कच्चे होते. त्याच वर्षी 14 डिसेंबरला रोआल्ड अमुंडसेन कुत्र्यांच्या गाड्यांसह ध्रुवावर पोहोचल्याने यंत्रावरचा विश्वास काही काळ मागे पडला, हे स्वाभाविकच होते.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद अपयश मात्र अमेरिकेचे आहे. 1939 मध्ये शिकागो येथे बांधलेली ‘स्नो क्रूझर’ ही गाडी सुमारे 17 मीटर लांब आणि भारासह 30 टनांहून अधिक वजनाची होती. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र विद्युत मोटारी होत्या आणि प्रत्येक चाकाचा व्यास सुमारे 3 मीटर होता. चारही चाकांना ताकद मिळाली, की गाडी कोठेही जाईल, हा त्यामागील विश्वास होता. 1940 च्या आरंभी ती अंटार्क्टिकावर उतरली आणि गुळगुळीत टायर हिमात रुतून नुसते गरगरू लागले. सुटी चाके पुढच्या चाकांना जोडून रुंदी वाढवली, मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या, तरीही ती धड चालली नाही. तिचा सर्वांत लांब प्रवास, सुमारे 148 किलोमीटरांचा, उलट्या गिअरमध्ये झाला! एवढ्या महाकाय यंत्राची अशी शोभा व्हावी, यात दोष ताकदीचा नव्हता, तर ती ताकद हिमावर टेकवणाऱ्या पृष्ठाचा होता. पुढे 1958 मध्ये एडमंड हिलरी पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांसह ध्रुवावर पोहोचले, तेव्हा पट्ट्यांनी हा वाद जिंकल्यासारखे झाले.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. 1983-84 मध्ये हिमतटावर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या पठारावर, ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभारले गेले. ते हिमाखाली गाडले जाऊ लागल्यावर त्याची जागा शिरमाकर टापूतील उघड्या खडकावरच्या ‘मैत्री’ने घेतली. ‘मैत्री’ हिमतटाच्या कडेपासून सुमारे 100 किलोमीटर आत असल्याने जहाजाने आणलेले इंधन आणि सामान तेथवर ओढून नेणे हा केंद्राच्या जगण्याचाच प्रश्न झाला, आणि त्यासाठी ‘पिस्टेनबुली’ या जर्मन बनावटीच्या रुंद पट्ट्यांच्या गाड्या घसरगाड्या ओढत काफिल्याने जाऊ लागल्या. अशा काफिल्याचे मोठे भय हिमभेगांचे असते: सरकत्या बर्फाला पडलेल्या या खोल चिरांवर हिमाचा पातळ पापुद्रा जमतो आणि चीर वरून दिसत नाही. 1998 मध्ये वास्को येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र, म्हणजे आजचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, या मोहिमांची आखणी करते.

पट्ट्यांची गाडी ओझे उत्तम ओढते, परंतु ती सावकाश चालते आणि तिला इंधन फार लागते. ‘मैत्री’पासून ध्रुवाचे अंतर सरळ रेषेतही 2100 किलोमीटरांहून अधिक आहे. या अडचणीवरचा तोडगा आइसलंडमध्ये तयार झालेला होता. तेथील वाहनचालकांनी हिमनद्यांवर जाण्यासाठी साध्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना अतिरुंद टायर बसवून त्यांतील हवा जवळजवळ सोडून देण्याची पद्धत रुळवली होती. रस्त्यावर टायरमध्ये साधारण 30 पौंड दाबाची हवा असते, तर खोल हिमात ती दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवली जाते. टायर चपटा होऊन पसरतो, त्याचा ठसा कित्येक पट मोठा होतो आणि काही टन वजनाची गाडी हिमावर चालत्या माणसाच्या पावलाहूनही हलका दाब देऊ लागते. स्नो क्रूझरच्या बांधणीत जे सुटले होते, ते येथे टायरमधली हवा कमी करून साधले गेले.

अशाच आइसलंडी धर्तीच्या टोयोटा गाड्या घेऊन, गोव्यातील या संशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचा चमू नोव्हेंबर 2010 मध्ये ‘मैत्री’हून निघाला. वाटेत वाऱ्याने कोरलेल्या हिमाच्या कठीण सऱ्या होत्या, आणि पठाराची उंची समुद्रसपाटीपासून जवळपास 3000 मीटर व काही ठिकाणी त्याहूनही अधिक असल्याने विरळ हवेत माणसांबरोबर इंजिनांचाही दम कमी होत होता. 22 नोव्हेंबर 2010 रोजी चमू दक्षिण ध्रुवावर पोहोचला. पूर्वी कुत्री किंवा पट्टे यांच्याखेरीज ज्या अंतराचा विचार होत नसे, ते चाकांवर काही दिवसांत कापले गेले आणि वाटेतल्या वैज्ञानिक नोंदींसाठीही वेळ उरला. तरीही जहाजावरून उतरलेले जड सामान ‘मैत्री’पर्यंत नेण्याचे काम पट्ट्यांच्या गाड्यांकडेच राहिले, कारण घसरगाडीची ओढ पेलण्यासाठी लागणारी पकड हवा सोडलेल्या टायरमध्ये तेवढी नसते.