उपप्रश्नाविना उत्तर : साथीच्या काळातील लेखी प्रश्नोत्तरे



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना आयोजकांनी विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविलेल्या माणसाने संसदेतील प्रश्नोत्तरांकडे वळावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु प्रश्न आणि उत्तर हा शेवटी भाषेचाच व्यवहार आहे. महामारीच्या काळात तर मेलेल्या माणसाची नोंद होणार की नाही, हेसुद्धा प्रश्नातील एखाद्या शब्दावर अवलंबून राहते. आपल्या देशात हे दोनदा घडले : १८९७ साली प्लेगच्या वेळी आणि २०२०-२१ साली कोविडच्या वेळी. या दोन काळांतील सरकारी उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत, एवढाच माझा आजचा मनोदय आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला १८९२च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टाने मिळाला. या हक्कानुसार पहिला प्रश्न १८९३ साली भिंगा संस्थानच्या राजांनी विचारला. अधिकारी दौऱ्यावर आले की त्यांना सामानसुमान पुरविताना गावातील दुकानदारांची जी ओढाताण होते, तिच्याविषयीचा तो प्रश्न होता. हक्क मिळाला खरा, पण तो अर्धाच होता. आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारावा, सरकारचे उत्तर ऐकावे आणि खाली बसावे. त्या उत्तरावर पुन्हा विचारण्याची मुभा नव्हती. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची परवानगी १९०९च्या सुधारणांनी दिली आणि १९१९च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांना मिळाली. या अर्ध्या हक्काचा पूर्ण हक्क होण्यास अशी जवळजवळ तीन दशके लागली.

उपप्रश्नाचे महत्त्व किती, हे स्वतंत्र भारताने १९५७ साली पाहिले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या पैशांचे प्रकरण लोकसभेतील प्रश्नोत्तरांतूनच उलगडत गेले. न्या. छागला यांच्या चौकशीनंतर १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पहिले उत्तर कचेरीत लिहून तयार असते. मंत्र्याची आणि त्याच्या खात्याची खरी परीक्षा होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला.

आता प्लेगकडे वळू. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात या रोगाचे निदान करणारे डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगश हे आपल्या बार्देशातील हडफड्याचे सुपुत्र. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात घरझडतीसाठी सैनिक लावण्यात आले. त्यांच्या गैरवर्तनाच्या, विशेषतः स्त्रियांच्या विटंबनेच्या तक्रारी गोपाळ कृष्ण गोखले यांना इंग्लंडमध्ये पत्रांनी कळल्या. ते त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी तेथे गेले होते. त्यांनी त्या तक्रारी 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रातून मांडल्या आणि विषय कॉमन्स सभेत पोहोचला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडून तारेने साफ इन्कार आला आणि तोच इन्कार सभागृहात उत्तर म्हणून ठेवला गेला. गोखले मायदेशी परतले तेव्हा त्यांना पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी पुढे येण्यास धजेना. पुराव्याअभावी गोखल्यांना जाहीर आणि बिनशर्त माफी मागावी लागली.

या प्रसंगाकडे गोखल्यांच्या चरित्रातील एक दुःखद पान म्हणून आपण पाहत आलो आहोत. मला तो सरकारी उत्तराच्या इतिहासातील धडाही वाटतो. ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार, त्याच यंत्रणेला विचारून उत्तर तयार झाले. 'आमच्याकडे तशी तक्रार नाही' या वाक्याचे लंडनला पोहोचेपर्यंत 'तसे घडलेच नाही' असे रूपांतर झाले. भीतीने गप्प बसलेल्या माणसांचे मौन सरकारच्या बाजूने साक्षीला उभे राहिले.

यानंतर एकशे तेवीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, कोविडच्या ऐन भरात संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले. दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या पाळ्यांत बसली. वेळ अपुरा आहे, या कारणास्तव प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. एरवी लोकसभेत दररोज २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी असतात. त्यांपैकी तारांकित प्रश्न गेले, लेखी उत्तरे तेवढी राहिली. संकटकाळात हा तास वगळण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९६२ साली चीनशी युद्ध चालू असतानाही तसे झाले होते. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९०९ साली जो हक्क पदरात पडला होता, तो त्या दहा बैठकांपुरता उरला नाही, आणि खासदार पुन्हा १८९२च्या पायरीवर येऊन उभे राहिले. योगायोग असा, की १८९७चा तोच साथरोग कायदा दुरुस्त करणारे विधेयकही याच अधिवेशनात मंजूर झाले. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन भरलेच नाही. प्रश्नोत्तराचा तास परतला तो २०२१च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात.

या अधिवेशनातील दोन लेखी उत्तरे मी मुद्दाम निवडली आहेत. पहिल्याच दिवशी लोकसभेत टाळेबंदीच्या काळात घरी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी प्रश्न होता. त्यांची काही माहिती सरकारकडे आहे काय, आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय? तत्कालीन कामगारमंत्री संतोषकुमार गंगवार यांच्या उत्तराचा आशय असा, की अशी माहिती ठेवली जात नाही, आणि ती नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. घरी परतलेल्या मजुरांची संख्या मात्र याच खात्याने दिली. ती १ कोटी ४ लाखांहून अधिक होती. म्हणजे पोहोचलेल्यांची मोजदाद झाली होती, न पोहोचलेल्यांची नव्हती.

दुसरे उत्तर चार दिवसांनंतरचे, राज्यसभेतील. खासदार डेरेक ओब्रायन यांनी श्रमिक विशेष गाड्यांतील मृत्यूंविषयी रेल्वे खात्याला विचारले. राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे, ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांतून प्रवास करताना ९७ व्यक्तींचा मृत्यू झाला, असे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी सांगितले. सरकार एकच आणि आठवडाही एकच. एका खात्याकडे आकडा नाही, दुसऱ्याकडे आहे. फरक पडला तो प्रश्नाच्या नेमकेपणाने. कोणाला विचारावे आणि कोणत्या शब्दांत विचारावे, हे ज्याला उमगले त्याच्या हाती ९७ माणसांची नोंद लागली.

परंतु या ९७च्या बाहेर कोण राहिले, हेही पाहिले पाहिजे. ८ मे २०२० रोजी पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. जालन्याहून ते पायी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल आणि मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाता येईल, अशी त्यांची आशा होती. थकून ते रुळांवरच झोपले. गाडीतून प्रवास करताना झालेले मृत्यू, असा प्रश्न असल्यामुळे गाडीपर्यंत न पोहोचलेले हे सोळा जण त्या उत्तरात बसत नाहीत. येथे उपप्रश्न हवा होता : 'आणि रुळांवर मेलेल्यांचे काय?' तो विचारण्याची सोय त्या अधिवेशनात नव्हती.

मी व्याकरणाचा जुना विद्यार्थी. त्या दृष्टीने या उत्तरांची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. 'माहिती ठेवली जात नाही' हा कर्मणी प्रयोग. यात कर्ता अध्याहृत असतो. कोणी ठेवली नाही, कोणी ठेवायला हवी होती, हे वाक्य सांगत नाही आणि व्याकरणदृष्ट्या ते सांगण्याची त्याच्यावर सक्तीही नाही. आपल्या मराठी विधिमंडळीय उत्तरांतही 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' ही सूत्रे रूढ आहेत. 'अंशतः' म्हणजे किती अंश, हे उपप्रश्नाशिवाय कधीच कळत नाही. ताकास तूर लागू न देणारे हे गद्य घडविण्यात पिढ्यान् पिढ्यांचे कसब खर्ची पडले आहे.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत दुसऱ्या लाटेतील ऑक्सिजनच्या तुटवड्याने झालेल्या मृत्यूंविषयी विचारण्यात आले. तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी सांगितले, की आरोग्य हा राज्यांचा विषय असून ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळविलेले नाही. त्या ज्या नाशिक जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत होत्या, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, रुग्णालयातील ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. ती गळती होती, तुटवडा नव्हता, असे म्हणता येईल, आणि लेखी उत्तर नेमके अशाच भेदावर उभे राहते. गोमंतकात ११ मे २०२१ रोजी पहाटेच्या चार तासांत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २६ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले आणि कारणाचा शोध उच्च न्यायालयाने घ्यावा, असे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे त्या दिवसांत ऑक्सिजनच्या पुरवठ्यावर सुनावणी चालू होती. या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींच्या घरची माणसे तेव्हा तेथे होती, हे मी जाणतो. 'कळविलेले नाही' हे दोन शब्द त्यांनी कसे वाचले असतील, हे मी सांगण्याची गरज नाही.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडतो. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये घटनेच्या राज्यसूचीत आहेत, हे खरेच आहे. केंद्रातील मंत्र्याने राज्यांनी न दिलेला आकडा स्वतः रचावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत आहे, हेही तितकेच खरे. शिवाय 'राज्यांनी कळविले नाही' यानंतर 'आपण राज्यांना विचारले काय?' हा प्रश्न आपोआप येतो. तसेच, माहिती गोळा करून पटलावर ठेवू, असे मंत्र्याने म्हटले तर ते आश्वासन ठरते. लोकसभेत १९५३पासून शासकीय आश्वासनांची समिती त्यावर लक्ष ठेवते. 'माहितीच ठेवली जात नाही' असे म्हटले, की त्या समितीच्या हाती धरण्यासारखे काही उरत नाही.

मग अशी लेखी उत्तरे निरुपयोगी समजावीत काय? माझे मत तसे नाही. सभागृहातील गदारोळ दुसऱ्या दिवशी विसरला जातो, पण लेखी उत्तर दप्तरात राहते. १८९७चा इन्कार दप्तरात राहिला म्हणूनच आज आपण तो तपासू शकतो. 'नोंद नाही' हीसुद्धा एक नोंदच आहे. ती कोणत्या तारखेला, कोणी आणि कोणाला दिली, हे पुढील पिढ्यांना वाचता येईल. सभागृहात विचारता न आलेला उपप्रश्न तेव्हा इतिहासाचा अभ्यासक विचारील.

गोमंतकीयांना या हक्काचे मोल अधिक वाटले पाहिजे. निवडून दिलेल्या प्रतिनिधीमार्फत मंत्र्याला प्रश्न विचारण्याची संधी आपल्याला १९६१च्या मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीने मिळाली. तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. माझ्या आधीच्या पिढ्यांना तो हक्क ठाऊकच नव्हता.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेतील मुलांना उत्तरे पाठ करायला लावण्याऐवजी प्रश्न विचारायला शिकविले, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या आमदारांनी आणि खासदारांनी गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, हे वर्षातून एकदा तरी वाचून पाहावे. उत्तर वाचून जो प्रश्न मनात उभा राहील, तो लिहून त्यांच्याकडे पाठवावा. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा वाटेत मेलेल्या माणसाचीही मोजदाद व्हावी, याची तरतूद मात्र आजच करता येण्यासारखी आहे.